हनोई, ऑगस्ट १९४५ : व्हिएतमिन्हच्या हाती सत्ता कशी आली

१९ ऑगस्ट १९४५ रोजी, रविवारी, हनोईच्या ऑपेरा हाऊससमोरच्या चौकात जमलेला प्रचंड जनसमुदाय सभा आटोपल्यावर दोन भागांत विभागला गेला. एक भाग उत्तर व्हिएतनामच्या राजप्रतिनिधीच्या निवासाकडे निघाला, तर दुसरा नागरी रक्षक दलाच्या छावणीकडे. दिवस मावळेपर्यंत ही दोन्ही ठिकाणे व्हिएतमिन्हच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्य आघाडीच्या, ताब्यात आली होती आणि त्यासाठी शहरात रक्त जवळजवळ सांडले नव्हते. चार दिवसांनी सम्राटाची राजनगरी ह्युए, त्यानंतर दोन दिवसांनी सायगॉन, ३० ऑगस्टला सम्राट बाओ दाई यांचा समारंभपूर्वक राज्यत्याग आणि २ सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह मैदानावर हो चि मिन्ह यांनी केलेली स्वातंत्र्याची घोषणा, अशा क्रमाने अवघ्या पंधरवड्यात एका देशाची राजवट बदलली.

या प्रकरणातला खरा प्रश्न आकड्यांच्या विसंगतीतून उभा राहतो. देशाची लोकसंख्या दोन कोटींहून अधिक होती, व्हिएतमिन्हच्या केंद्रस्थानी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद सुमारे पाच हजार होते आणि शरणागती जाहीर केलेले, पण शस्त्रे अजून खाली न ठेवलेले हजारो जपानी सैनिक सर्व मोठ्या शहरांत तळ ठोकून होते. इतक्या लहान संघटनेला हे कसे साधले, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पक्षाच्या अधिकृत इतिहासात हा दूरदर्शी नेतृत्वाने आखलेल्या योजनेचा विजय ठरतो, तर टीकाकारांच्या मते ती केवळ रिकाम्या खुर्चीवर बसण्याची संधी होती. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खुर्ची रिकामी झाली हे खरे, पण ती सर्वांसाठीच रिकामी झाली होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे किमान चार-पाच पक्ष होते. त्यांपैकी एकालाच ती का मिळाली, हे समजून घेण्यासाठी ऑगस्टच्या आधीच्या दहा महिन्यांतल्या भाताच्या कोठारांकडे पाहावे लागते.

दुहेरी अंमल

जून १९४०मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळल्यावर इंडोचायनातल्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या, फ्रेंच वसाहतीला कोणाचा आधार उरला नाही. सप्टेंबर १९४०मध्ये जपानी सैन्य उत्तरेत, तर जुलै १९४१मध्ये दक्षिणेत उतरले. मात्र जपानने फ्रेंच प्रशासन मोडून काढले नाही. जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारशी एकनिष्ठ असलेले गव्हर्नर जनरल अ‍ॅडमिरल दकू आपल्या पदावर राहिले, फ्रेंच पोलीस, तुरुंग आणि करवसुली पूर्ववत चालू राहिली आणि जपानी सैन्याचा खर्चही याच यंत्रणेच्या तिजोरीतून भागू लागला. जपानच्या दृष्टीने ही स्वस्तातली सोय होती. व्हिएतनामी रयतेला मात्र आता दोन धनी पोसावे लागत होते.

या पार्श्वभूमीवर न्गुएन आय क्वोक, म्हणजेच पुढे हो चि मिन्ह या नावाने जगाला ठाऊक झालेले नेते, सुमारे तीस वर्षांच्या परदेशवासानंतर फेब्रुवारी १९४१मध्ये चीनच्या सीमेलगतच्या काओ बांग प्रांतातील पाक बो येथे आले. १९३०मध्ये स्थापन झालेल्या पक्षाची अवस्था तेव्हा बिकट होती. १९४०च्या शरद ऋतूत उत्तरेत बाक सोन येथे आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत झालेले उठाव फ्रेंचांनी निर्दयपणे चिरडले होते आणि दक्षिणेतील पक्षयंत्रणा तर जवळजवळ नाहीशी झाली होती. मे १९४१मध्ये पाक बो येथे भरलेल्या पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बैठकीत जो निर्णय झाला, तोच मला पुढच्या सर्व घटनांचा पाया वाटतो. जमीनदारांच्या जमिनी घेऊन वाटण्याचा कार्यक्रम पक्षाने बाजूला ठेवला, देशाची मुक्ती हे पहिले काम ठरवले आणि शेतकरी, कामगार, व्यापारी, देशभक्त जमीनदार, अधिकारी अशा सर्वांना सामावून घेणारी एक आघाडी उभी केली. व्हिएतनाम स्वातंत्र्य संघ हे तिचे नाव, व्हिएतमिन्ह हा त्याचा संक्षेप. पक्षाने आपला चेहरा मागे ठेवला. आघाडीत आलेल्या असंख्य माणसांना ती कम्युनिस्टांची आहे हे ठाऊकही नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांतल्या अनेकांना त्या घडीला त्याचे महत्त्व वाटत नव्हते.

पुढची तीन वर्षे संथ गेली. हो चि मिन्ह स्वतः ऑगस्ट १९४२पासून वर्षभराहून अधिक काळ चीनमध्ये क्वोमिन्तांगच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाच्या, तुरुंगात होते. डिसेंबर १९४४मध्ये व्हो न्गुएन जियाप या इतिहासाच्या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली काओ बांगच्या जंगलात सशस्त्र प्रचार तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यात ३४ जण होते. तुकडीच्या नावात ‘सशस्त्र’ या शब्दाइतकाच ‘प्रचार’ हा शब्द महत्त्वाचा होता, कारण लढाया जिंकण्याआधी गावे जिंकायची, असा तिला आदेश होता.

दुष्काळ

१९४४-४५च्या हिवाळ्यात तोंकिन (उत्तर व्हिएतनाम) आणि आनामच्या (मध्य व्हिएतनाम) उत्तर भागात पडलेल्या दुष्काळाकडे पाठ फिरवून या क्रांतीचा अभ्यास करता येत नाही. किती माणसे मेली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अंदाज चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात, आणि २ सप्टेंबरच्या घोषणापत्रात वीस लाखांचा आकडा आहे. कमीत कमी आकडा धरला तरी सुमारे एक कोटी वस्तीच्या प्रदेशातला हा संहार आहे. थाय बिन्ह आणि नाम दिन्ह या लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातपिकाच्या प्रांतांना त्याची झळ सर्वांत जास्त लागली.

कारणे निसर्गाची होती आणि राजवटीचीही, पण त्यांचे वजन सारखे नव्हते. १९४४च्या पावसाळ्यानंतर वादळांनी आणि पुरांनी मुख्य पिकाचे नुकसान केले. परंतु लाल नदीचे खोरे चांगल्या वर्षीही दाट लोकवस्तीमुळे दक्षिणेतल्या मेकाँगच्या तांदळावर अवलंबून असे, आणि तो तांदूळ आता येईनासा झाला होता, कारण दोस्तांच्या विमानांनी रेल्वेमार्ग, पूल आणि किनाऱ्यालगतची जहाजे उद्ध्वस्त केली होती. जी वाहतूक उरली होती ती सैन्याच्या कामाला लागली होती. सायगॉनच्या परिसरात भात साचून पडले होते आणि कोळशाच्या टंचाईमुळे तेथे ते वीजकेंद्रांत जाळलेही जात होते. उत्तरेत मात्र शेतकऱ्याने ठरावीक कोटा सरकारला बाजारभावापेक्षा खूपच कमी दराने द्यावा ही सक्ती चालूच होती. पीक कमी आले म्हणून कोटा कमी झाला नाही, त्यामुळे ज्यांच्या घरात दाणा नव्हता ते चढ्या भावाने भात विकत घेऊन सरकारी कोटा भरत होते. याशिवाय युद्धामुळे भारतातून येणारा ताग बंद झाल्यावर भाताच्या शेतांत ताग, एरंड आणि इतर तेलबिया लावण्याची सक्ती झाली होती. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची माहिती असलेल्या वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. तेथेही युद्धाची गरज आधी मोजली गेली आणि खेड्यातल्या माणसाचे पोट सर्वांत शेवटी.

खेड्यांतून निघालेली माणसे हनोईच्या रस्त्यांवर येऊन मरत होती आणि सकाळी बैलगाड्यांतून त्यांची प्रेते नेली जात होती. त्याच शहरात फ्रेंचांची आणि जपान्यांची कोठारे भरलेली होती. हे दृश्य ज्यांनी पाहिले ते कारकून, शिक्षक, विद्यार्थी आणि दुकानदार त्यानंतर कोणत्याही परकी राजवटीच्या बाजूने उभे राहण्याची शक्यता संपली होती, आणि ऑपेरा हाऊससमोरच्या गर्दीचा उगम मला येथे दिसतो.

व्हिएतमिन्हने या काळात ‘कोठारे फोडा, भूक भागवा’ हा कार्यक्रम दिला. लाल नदीच्या खोऱ्यातल्या अनेक जिल्ह्यांत गावकऱ्यांचे जमाव कोठारांवर चालून गेले, धान्य वाटले गेले आणि कोटा भरायला नकार दिला गेला. या मार्गाने वाचलेल्या माणसांची संख्या एकूण मृतांच्या मानाने लहानच असणार, कारण सर्वांत भीषण महिने संपत येईपर्यंत ही मोहीम व्यापक झाली नव्हती. तरीही राजकीयदृष्ट्या तिचे फळ मोठे होते. कोठार फोडण्यासाठी गावाला एकत्र यावे लागते, पुढारी निवडावे लागतात, राखण करावी लागते आणि वाटप न्यायाने करावे लागते. ही कामे करणाऱ्या गावांत ऑगस्ट येण्यापूर्वीच सत्तेची एक समिती तयार झालेली होती. सरकारच्या शिक्क्याचा तेथे काहीच उपयोग उरला नव्हता.

मार्च ते ऑगस्ट : किम यांचे सरकार

९ मार्च १९४५च्या रात्री जपानने अखेर फ्रेंचांना बाजूला सारले. दकू यांना अटक झाली, फ्रेंच सैन्याच्या बहुतेक तुकड्या निःशस्त्र झाल्या किंवा मारल्या गेल्या आणि काही चीनकडे पळाल्या. ऐंशी वर्षांच्या फ्रेंच सत्तेचा कणा एका रात्रीत मोडला. दोनच दिवसांनी बाओ दाई यांनी जपानच्या पाठबळाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि १७ एप्रिलला इतिहासकार त्रान त्रोंग किम यांच्या पंतप्रधानपदाखाली मंत्रिमंडळ आले.

या मंत्रिमंडळाला जपानचे बाहुले म्हणून एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. त्यातले डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक सचोटीची माणसे होती. शिक्षणमंत्री होआंग सुआन हान यांनी शाळांत व्हिएतनामी भाषा माध्यम म्हणून आणण्याचा कार्यक्रम आखला, राजकीय कैद्यांची मुक्तता झाली आणि दक्षिणेतला तांदूळ उत्तरेत आणण्याचे प्रयत्नही झाले. पण या सरकारला संरक्षण खातेच नव्हते, वाहतूक जपान्यांच्या हाती होती, हनोई आणि हायफाँगसारखी शहरे जुलैपर्यंत त्याच्या अधिकारात नव्हती आणि दक्षिणेचा कोचिनचायना प्रांत तर जपानने ऑगस्टच्या मध्यापर्यंत सोपवला नाही. जे सरकार भुकेल्या प्रांतापर्यंत तांदळाची जहाजे पोहोचवू शकत नव्हते, त्याच्याकडे लोक किती दिवस पाहणार होते? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात किम यांनी राजीनामा दिला आणि नवे मंत्रिमंडळ उभे राहू शकले नाही.

तरीही या पाच महिन्यांनी व्हिएतमिन्हला फार मोठी मदत केली, आणि अधिकृत इतिहासात ती पुरेशी नोंदली जात नाही. युवक खात्याचे मंत्री फान आन यांनी उभारलेल्या तरुणांच्या संघटना उघडपणे कवायत करू लागल्या आणि त्यांतले कितीतरी तरुण आतून व्हिएतमिन्हचे झाले. मार्चच्या धामधुमीत हनोईच्या होआ लो तुरुंगातून अनेक राजकीय कैदी निसटले आणि इतर तुरुंगांतूनही अनुभवी संघटक बाहेर आले. फ्रेंच गुप्त पोलिसांचे जाळे, ज्याने पंधरा वर्षे पक्षाला वर डोके काढू दिले नव्हते, ते मोडले होते. जपान्यांजवळ त्या तोडीचे जाळे नव्हते आणि किम सरकारला ते उभारायचेही नव्हते.

पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ मार्चच्या रात्रीच हनोईजवळ बाक निन्ह प्रांतात बैठक सुरू केली होती आणि १२ मार्चला एक निर्देशपत्र काढले होते. आता मुख्य शत्रू जपान आहे, उठावाची घडी अजून पिकलेली नाही, पण दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरले किंवा जपान शरण गेला तर ती येईल, तोवर कोठारांची मोहीम आणि गनिमी तळ वाढवावेत, असा त्याचा आशय होता. दूरच्या शाखेला वरून नवा आदेश न मिळाला तरी स्थिती पाहून निर्णय घेता यावा, अशा रीतीने ते लिहिलेले होते. पाच महिन्यांनी त्याचा उपयोग झाला.

डोंगरात या काळात उत्तरेकडचे सहा प्रांत मुक्त क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि तुयेन क्वांगमधील तान त्राओ हे खेडे मुख्यालय बनले. अमेरिकेच्या हेरखात्याशीही संबंध आला. पडलेल्या विमानाच्या अमेरिकी वैमानिकाला सुखरूप पोहोचवल्याचे निमित्त करून हो चि मिन्ह मार्चमध्ये चीनमधल्या कुनमिंगला तेथील अमेरिकी हवाईदलाचे प्रमुख जनरल शेनॉल्ट यांना भेटले होते आणि जुलैच्या मध्यास मेजर अ‍ॅलिसन थॉमस यांची छोटी तुकडी छत्रीने तान त्राओजवळ उतरली. तिने आणलेली शस्त्रे थोडीच होती. मात्र दोस्त राष्ट्रे आपल्या बाजूने आहेत ही समजूत लोकांत पसरली, आणि तिचे मोल शस्त्रांहून जास्त ठरले.

ऑगस्टचे दिवस

जपान शरण जाणार ही बातमी तान त्राओला रेडिओवरून कळली. १३ ऑगस्टला उठावाचा आदेश निघाला, १६ आणि १७ ऑगस्टला राष्ट्रीय प्रतिनिधींची परिषद भरली, पिवळा तारा असलेला लाल झेंडा आणि व्हान काओ यांचे ‘तिएन क्वान का’ हे गीत राष्ट्राची चिन्हे म्हणून स्वीकारले गेले आणि हो चि मिन्ह यांच्या अध्यक्षतेखाली मुक्ती समिती नेमली गेली. त्याच दिवसांत जियाप यांचे सैन्य अमेरिकी तुकडीसह थाय न्गुएन शहराकडे निघाले आणि २० ऑगस्टला तेथील जपानी तळाशी त्यांची लढाई सुरू झाली.

पण हनोई त्याच्या आदल्या दिवशीच हाती आले होते. तान त्राओचा आदेश हनोईच्या समितीपर्यंत पोहोचलाच नव्हता. हनोई जिंकले ते मुख्यालयाने नव्हे आणि सैन्यानेही नव्हे, तर शहरातल्या मोजक्या संघटकांनी, ज्यांच्याजवळ १२ मार्चचे निर्देशपत्र होते आणि समोर परिस्थिती होती.

१७ ऑगस्टला दुपारी सरकारी नोकरांच्या संघटनेने किम सरकारला पाठिंबा देण्यासाठी ऑपेरा हाऊससमोर सभा बोलावली होती. व्हिएतमिन्हच्या कार्यकर्त्यांनी सज्जात चढून राजाचा झेंडा उतरवला, लाल झेंडा सोडला, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि जपानच्या शरणागतीची बातमी सांगून उठावाचे आवाहन केले. त्या सभेचे मिरवणुकीत रूपांतर झाले आणि पावसात हजारो माणसे शहरभर फिरली. या घटनेचे मर्म सभा पळवण्याच्या धाडसात नाही. सभेला आलेले लोक सरकारी कारकून होते, म्हणजे राजवटीचे स्वतःचे हातपाय, आणि त्यांनी झेंडा बदलल्यावर विरोध केला नाही. त्याच रात्री समितीने ठरवले की १९ तारखेला सत्ता घ्यायची.

राजप्रतिनिधी फान के तोआय यांचा व्हिएतमिन्हशी आधीच संपर्क होता आणि ते पदावरून बाजूला झाले. १९ तारखेला सकाळी उपनगरांतून आणि आसपासच्या गावांतून माणसे येऊ लागली, अनेकांच्या हाती बांबूचे भाले, कोयते आणि जुन्या बंदुका होत्या. राजप्रतिनिधीच्या निवासात रक्षकांनी फार विरोध केला नाही. नागरी रक्षक दलाच्या छावणीत शस्त्रांचा साठा मिळाला, पण तेथे जपानी रणगाडे आले आणि काही तास स्थिती तणावाची राहिली. अखेर जपान्यांशी बोलणी होऊन ते मागे गेले. आपल्या सम्राटाने शरणागती जाहीर केल्यावर व्हिएतनामी सत्तेच्या भांडणात आपली माणसे गमावण्यात जपानी अधिकाऱ्यांना अर्थ वाटत नव्हता आणि व्हिएतमिन्हनेही त्यांना न डिवचण्याची काळजी घेतली. बँक ऑफ इंडोचायनाच्या इमारतीवर जपानी पहारा होता. उठाव करणाऱ्यांनी तिला हात लावला नाही. त्या दिवशी हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण बँकेसाठी गोळीबार झाला असता तर बाकी सारेही गेले असते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

ह्युएमध्ये २३ ऑगस्टला सत्तांतर झाले. बाओ दाई यांनी त्याच महिन्यात फ्रान्सचे नेते द गॉल यांना पाठवलेल्या पत्रात म्हटले होते की फ्रेंच सत्ता येथे पुन्हा आणली तरी तिचे कोणी ऐकणार नाही, प्रत्येक खेडे प्रतिकाराचे ठिकाण बनेल. इतके स्पष्ट पाहू शकणाऱ्या राजाने सिंहासनासाठी यादवी न ओढवता ते सोडले, हे त्यांच्या पुढच्या वादग्रस्त आयुष्यावरून मागे वळून मत बनवणाऱ्यांनी विसरू नये. ३० ऑगस्टला राजवाड्याच्या न्गो मोन दरवाजावर त्यांनी सोन्याची मुद्रा आणि तलवार हनोईहून आलेल्या त्रान हुई लिएउ आणि त्यांच्या सोबत्यांच्या स्वाधीन केली. गुलाम देशाचा राजा असण्यापेक्षा स्वतंत्र देशाचा नागरिक असणे बरे, असे ते राज्यत्यागाच्या घोषणेत म्हणाले आणि नागरिक व्हिन्ह थुई या नात्याने नव्या सरकारचे सर्वोच्च सल्लागार झाले. या समारंभाने व्हिएतमिन्हला कोणतीही लढाई देऊ शकली नसती अशी गोष्ट मिळाली. शेकडो वर्षांची परंपरा मानणाऱ्या खेड्यातल्या वृद्धाच्या दृष्टीने राज्याचा अधिकार रीतसर एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता.

सायगॉन

दक्षिणेतले चित्र वेगळे होते आणि दक्षिणेला हनोईची छोटी प्रत समजल्यामुळे या प्रकरणाच्या अनेक वर्णनांत चूक होते. तेथे दुष्काळ पडला नव्हता, १९४०च्या दडपशाहीने पक्ष मोडला होता आणि काओ दाई व होआ हाओ या धर्मपंथांकडे लाखो अनुयायी आणि स्वतःची सशस्त्र पथके होती. स्टालिनच्या धोरणाला विरोध करणाऱ्या कम्युनिस्टांचा त्रॉत्स्कीवादी गटही सायगॉनच्या कामगारांत प्रभावी होता. १४ ऑगस्टला या इतर पक्षांनी आपली संयुक्त आघाडी उभी केली होती. त्रान व्हान ज्याउ यांच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्टांचे बळ होते ते डॉक्टर फाम न्गोक थाक यांच्या ‘तिएन फोंग’ युवक संघटनेत, जी जपान्यांच्या परवानगीने उघडपणे वाढली होती. ज्याउ यांनी आधी २२ ऑगस्टला तान आन या शेजारच्या प्रांतात उठाव करून जपानी काय करतात ते पाहिले. ते स्वस्थ राहिले, तेव्हा २५ तारखेला सायगॉन घेतले. येथे व्हिएतमिन्ह अनेकांपैकी एक होता आणि त्याने इतरांना मनवले ते मुख्यतः एका युक्तिवादाने: दोस्तांचे सैन्य येईल तेव्हा जपान्यांशी संबंध नसलेला आणि दोस्तांना परिचित असलेला पक्षच पुढे असला पाहिजे. हा युक्तिवाद दोस्तांच्या सद्भावनेवर उभा होता, आणि तेथेच तो कोसळला.

जुलैमध्ये पॉट्सडॅम परिषदेत ठरले होते की जपान्यांची शस्त्रे सोळाव्या अक्षांशाच्या उत्तरेला चीनने आणि दक्षिणेला ब्रिटनने घ्यावीत. व्हिएतनामी लोकांना कोणी विचारले नव्हते. सप्टेंबरच्या मध्यास जनरल डग्लस ग्रेसी सायगॉनला आले ते २०व्या भारतीय डिव्हिजनसह, म्हणजे इंफाळमध्ये आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेल्या भारतीय व गुरखा पलटणींसह. ग्रेसी यांनी व्हिएतमिन्हच्या समितीशी बोलण्याचे नाकारले, लष्करी कायदा पुकारला आणि २३ सप्टेंबरच्या पहाटे सुटका झालेल्या फ्रेंच सैनिकांना सायगॉनच्या सरकारी इमारती पुन्हा बळकावू दिल्या. पुढच्या महिन्यांत भारतीय सैनिक व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिकांविरुद्ध लढले, आणि काही ठिकाणी शरण आलेल्या जपान्यांनाही त्या कामाला लावले गेले. जवाहरलाल नेहरूंनी परक्या स्वातंत्र्यचळवळी मोडण्यासाठी भारतीय जवानांच्या या वापराविषयी उघड संताप व्यक्त केला. योगायोग असा की सुभाषचंद्र बोस यांचे अखेरचे विमान याच सायगॉनहून १७ ऑगस्टला, म्हणजे हनोईत कारकुनांच्या सभेत झेंडा बदलला त्या दिवशी, निघाले होते. आझाद हिंद सेना आणि २०वी डिव्हिजन या दोहोंतले भारतीय सैनिक एकाच शहरात काही आठवड्यांच्या अंतराने वावरले, आणि त्या शहराच्या स्वातंत्र्याशी दोघांचे नाते किती निराळे होते, हा आपल्याकडे क्वचितच अभ्यासला जाणारा विषय आहे.

जे हाती आले आणि जे आले नाही

२ सप्टेंबरला हो चि मिन्ह यांनी वाचलेले घोषणापत्र अमेरिकेच्या १७७६च्या आणि फ्रान्सच्या १७९१च्या घोषणांतल्या वाक्यांनी सुरू होते, मग फ्रेंच राजवटीच्या अपराधांची यादी देते आणि शेवटी एक कायदेशीर मुद्दा मांडते: देश फ्रेंचांकडून घेतलेलाच नाही, कारण फ्रेंचांनी तो १९४०मध्ये आणि पुन्हा मार्च १९४५मध्ये जपानला देऊन टाकला, तो आम्ही जपानकडून घेतला. मला हा भाग सर्वांत काळजीपूर्वक रचलेला वाटतो. तो मैदानातल्या गर्दीइतकाच वॉशिंग्टन आणि लंडनसाठी होता. तेथून उत्तर आले नाही.

नव्या सरकारच्या तिजोरीत सुमारे साडेबारा लाख पियास्त्र (इंडोचायनाचे चलन) होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या नोटा फाटक्या होत्या. बँक ऑफ इंडोचायना हातात नसल्यामुळे चलनाची सूत्रे परक्यांकडेच राहिली. नोव्हेंबरमध्ये फ्रेंचांनी सायगॉनहून पाचशे पियास्त्रच्या नोटा रद्द ठरवल्या तेव्हा त्याचे चटके हनोईलाही बसले. सरकारने सप्टेंबरमध्ये सुवर्ण सप्ताह पाळला आणि लोकांनी अंगठ्या, बाळ्या, लग्नातले दागिने मिळून सुमारे ३७० किलो सोने दिले. भुकेतून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाने हे दिले, हे लक्षात घेतले म्हणजे ऑगस्टमधल्या पाठिंब्याविषयी शंका घेणाऱ्यांना उत्तर मिळते. डोईपट्टी रद्द झाली, साक्षरतेची मोहीम सुरू झाली, पडीक तुकड्यांत रताळी आणि मका लावण्याचा आग्रह धरला गेला, आणि १९४६च्या सुरुवातीला दुसरा दुष्काळ टळला.

याच आठवड्यांत दुसरेही काही घडले आणि ते वगळून हे प्रकरण प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. माजी मंत्री फाम क्विन्ह आणि माजी प्रांताधिकारी न्गो दिन्ह खोई यांना ह्युएजवळ ठार करण्यात आले, त्रॉत्स्कीवादी नेते ता थु थाउ यांचा क्वांग न्गायमध्ये बळी गेला आणि अनेक गावांत जुन्या वैराचे हिशेब क्रांतीच्या नावाने चुकते झाले. हे सर्व हनोईच्या आदेशाने झाले असे म्हणता येत नाही. पण १२ मार्चच्या निर्देशपत्राने स्थानिक समित्यांना जी मोकळीक दिली, तिच्यामुळे १९ ऑगस्ट शक्य झाला आणि तिच्यामुळेच या हत्या रोखणारे कोणी उरले नाही. शिवाय मारले गेलेले सारेच परक्यांचे हस्तक नव्हते. ता थु थाउ यांनी फ्रेंचांच्या तुरुंगात वर्षे काढली होती. सर्वांना सामावून घेणारी आघाडी किती जणांना सामावून घेणार होती, याची मर्यादा सत्ता येताच दिसू लागली.

उत्तरेत लू हान यांच्या सेनापतित्वाखाली दीड ते दोन लाख चिनी सैनिक उतरले. त्यांना पोसण्याचा भार पुन्हा तोंकिनच्या शेतकऱ्यावर आला आणि त्यांच्या आश्रयाने व्हिएतमिन्हचे प्रतिस्पर्धी राष्ट्रवादी पक्ष चीनमधून परतले. त्यांना शांत करण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने नोव्हेंबर १९४५मध्ये स्वतःचे विसर्जन जाहीर केले, प्रत्यक्षात तो पडद्यामागे चालू राहिला. ६ जानेवारी १९४६ला निवडणुका झाल्या आणि त्यांत प्रतिस्पर्ध्यांना मतदानाविना ७० जागा देण्याचा करार पाळला गेला.

चिनी सैन्याला घालवण्यासाठी फ्रेंचांना काही काळ स्वीकारण्याखेरीज मार्ग नाही, असा हिशेब करून हो चि मिन्ह यांनी ६ मार्च १९४६ रोजी फ्रेंच प्रतिनिधी सॅन्तनी यांच्याशी करार केला. फ्रान्सने व्हिएतनामला इंडोचायना संघराज्याच्या आणि फ्रेंच युनियनच्या (फ्रान्स व त्याच्या वसाहतींच्या संघाच्या) आत स्वतःचे सरकार, संसद, सैन्य आणि वित्तव्यवस्था असलेले मुक्त राज्य म्हणून मान्यता दिली, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मात्र करारात आला नाही. पंधरा हजार फ्रेंच सैनिक उत्तरेत येणार होते आणि कोचिनचायनाचा प्रश्न जनमताने सुटणार होता. ते जनमत कधीच घेतले गेले नाही. हो चि मिन्ह पुढील वाटाघाटींसाठी फ्रान्सच्या वाटेवर असतानाच, १ जून १९४६ला, फ्रेंच उच्चायुक्त दार्जाँलिय यांनी सायगॉनमध्ये कोचिनचायनाचे वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला हनोईत युद्धाला तोंड फुटले.